चोवीस मुलांची पालक

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला आमच्या शाळा ऑगस्टमध्येच सुरू होतात आणि मुलं वर्गात जरा रुळतात न रुळतात तोच ‘बॅक टू स्कूल नाइट’ येते. संध्याकाळी पालकांनी मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसायचं, टीचर वर्षभराचा अभ्यास समजावून सांगतात, आणि निघताना दाराशी एक कागद ठेवलेला असतो. त्यावर रकाने आखलेले असतात: वाचनगट, गणिताचे खेळ, कागद कापणं, सहलीला सोबत, वर्गातल्या पार्ट्या. सगळ्यात वर एकाच नावापुरती ओळ असते, रूम पेरेंट. भारतातून नुकतेच आलेले पालक त्या कागदापाशी हमखास घुटमळतात. आपल्याकडे पालकांनी फाटकापर्यंत जायचं, प्रगतिपुस्तकावर सही करायची, गॅदरिंगला टाळ्या वाजवायच्या. भर शाळेच्या वेळात वर्गात जाऊन बसायची आपल्याला सवयच नाही. माझी मुलगी आता सेकंड ग्रेडमध्ये आहे. किंडरगार्टनपासून मी दर वर्षी त्या कागदावर नाव घालत आले आहे, आणि हे काम करायला मिळणं ही माझ्या इथल्या आयुष्यातली एक फार मोलाची गोष्ट आहे असं मी मनापासून मानते.

रूम पेरेंटचं वरवर दिसणारं काम निरोप पोचवण्याचं. टिश्यूचे डबे, गोंदाच्या कांड्या, व्हाइटबोर्डचे मार्कर संपत आले की पालकांना कळवायचं. कोण कुठल्या वारी येणार त्याचा तक्ता करायचा. मे महिन्याच्या पहिल्या पूर्ण आठवड्यात टीचर अप्रीसिएशन वीक असतो, त्याची आखणी करायची. शाळेचा शंभरावा दिवस जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत येतो, त्या दिवशी लहान मुलं पांढरे केस लावून आणि काठ्या घेऊन शंभर वर्षांचे आजी-आजोबा होऊन येतात, तेव्हा प्रत्येकाने शंभर मणी, शंभर राजमा असं काहीतरी मोजून आणलंय ना ते बघायचं. व्हॅलेंटाइन्स डेला वर्गाची नावांची यादी सगळ्यांच्या घरी जाईल याची खात्री करायची, कारण इथे प्रत्येक मुलाने वर्गातल्या प्रत्येकाला कार्ड द्यायचं असा नियम असतो आणि एकही मूल रिकाम्या पिशवीने घरी जाता कामा नये. हे सगळं घरी बसून, फोनवरून होतं. खरं काम वर्गाच्या दाराच्या आत असतं.

आत जाण्याआधी कागदपत्रं. कॅलिफोर्नियात मुलांसोबत नेहमी वावरणाऱ्या स्वयंसेवकाला क्षयरोग नसल्याचा दाखला द्यावा लागतो आणि दर चार वर्षांनी तो नवा करावा लागतो. 2015 पासून सरसकट टेस्ट न करता आधी एक प्रश्नावली भरून घेतात. पण क्षयाचं प्रमाण जास्त असलेल्या देशात जन्म झाला असेल तर पुढे टेस्ट सांगतात, म्हणजे आपल्याला सांगतातच. नव्या आया पार्कमध्ये भेटल्या की मी त्यांना एक गोष्ट सांगते. आपल्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो. हाताच्या कातडीत औषध टोचून दोन-तीन दिवसांनी गाठ मोजतात ती टेस्ट या लशीमुळे आजार नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि मग छातीचा एक्स-रे, फेऱ्या, घरच्यांची घबराट. रक्ताच्या टेस्टवर बीसीजीचा परिणाम होत नाही. तेव्हा डॉक्टरांकडे पहिल्यापासून रक्ताचीच टेस्ट मागावी. पुष्कळ ठिकाणी पोलिसी तपासणीसाठी बोटांचे ठसेही द्यावे लागतात. रोज आत जाताना ऑफिसात नोंद करून छातीवर बिल्ला लावायचा. जोडीदाराच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या एच-फोर व्हिसावर आलेल्या, नोकरीची परवानगी नसलेल्या मैत्रिणी मला विचारतात, आम्हाला चालेल का? मुलाच्या शाळेत बिनपैशाची मदत करायला हरकत नसते. दिवसभर घरात बसून ज्यांना आपलं शिक्षण वाया गेलं असं वाटतं, त्यांना तर मी हाताला धरून घेऊन जाते.

त्यांची खरी अडचण मात्र व्हिसाची नसतेच. “माझं इंग्रजी ऐकून मुलं हसतील,” असं लातूरहून आलेली एक मैत्रीण मला म्हणाली होती. सात वर्षांची मुलं हसत नाहीत. ती उच्चार दुरुस्त करतात आणि पुढे वाचू लागतात. शिवाय आमच्या वर्गात घरी इंग्रजी बोलणारी मुलं थोडीच आहेत. मँडरिन, तमिळ, स्पॅनिश, तेलुगू, आणि दारी. फ्रीमाँटमध्ये अफगाणांची मोठी वस्ती आहे, एका भागाला लोक ‘लिटल काबूल’च म्हणतात. वेगळ्या धाटणीचं इंग्रजी बोलणारी एक मोठी बाई रोज आनंदाने वर्गात येते, हे त्या मुलांनी पाहणं चांगलंच आहे.

आता वाचनगट. कॅलिफोर्नियात किंडरगार्टन ते थर्ड ग्रेड वर्गाची सरासरी चोवीस मुलांवर ठेवावी म्हणून राज्य सरकार शाळांना जादा पैसे देतं. आपल्याकडच्या साठ-सत्तरच्या वर्गात शिकलेल्या मला चोवीस हा आकडा फार सुखाचा वाटला होता. पण हिशोब करून बघा. प्रत्येक मुलाकडून रोज पाच मिनिटं मोठ्याने वाचून घ्यायचं म्हटलं तर दोन तास गेले, आणि तेवढ्या वेळात उरलेल्या तेवीस जणांनी काय करायचं? म्हणून वर्गाचे चार गट करतात. एक गट अर्धगोल टेबलापाशी टीचरसमोर, एक क्रोमबुकवर, एक आपापलं लिहीत, आणि एक गालिच्यावर माझ्यापाशी. पंधरा-वीस मिनिटांनी घंटी वाजते, गट जागा बदलतात. टीचरच्या टेबलापाशी जे चालतं ते खरं शिकवणं. अमुक मुलाला कुठला स्वर अडतो, कोण शब्द ओळखतो पण अर्थ सोडून देतो, हे ती तिथे पकडते. तिला ती वीस मिनिटं अखंड मिळावीत, कुणी बाही ओढून “पेन्सिल तुटली” म्हणू नये, यासाठी मी तिथे असते. पेन्सिल मी बघते.

ऐकायचं कसं, हे टीचरने आम्हाला सुरुवातीलाच शिकवलं, आणि मला वाटतं जगातल्या प्रत्येक आई-बापाला हे शिकवायला हवं. मूल अडलं की शब्द सांगायचा नाही. थांबायचं. मनात पाचपर्यंत मोजायचं. पाच आकडे फार लांब असतात, आपली जीभ नुसती शिवशिवते. बहुतेक वेळा त्या शांततेत मूल स्वतःच पुन्हा मागे जातं, पहिलं अक्षर उच्चारतं, चित्राकडे बघतं, आणि शब्द सापडतो. नाहीच सापडला तर शब्दाचा एक तुकडा झाकून उरलेला वाचायला लावायचा. तरीही नाही, तर सांगून टाकायचा आणि वाक्य पहिल्यापासून वाचायला लावायचं. मुलाने ‘हॉर्स’च्या जागी ‘हाउस’ वाचलं तर मध्येच तोडायचं नाही. वाक्य संपू द्यायचं आणि विचारायचं, घर गवत खातं का? मग ते स्वतःच खुदकन हसून परत जातं. “सोप्पं तर आहे!” हे वाक्य वर्गात कधीही उच्चारायचं नाही, कारण ज्याला ते जमत नाही त्याच्यासाठी ते सोपं नसतं. आणि “शाब्बास” म्हणायचं तर कशाबद्दल ते सांगायचं: तू मागे जाऊन पुन्हा वाचलंस, ते फार छान केलंस.

इंग्रजीत शेवटच्या मुक्या ‘ई’मुळे ‘कॅप’चा ‘केप’ होतो, ‘किट’चा ‘काइट’ होतो, हे मुलांना समजावताना मला देवनागरीची थोरवी नव्याने कळते. आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मूल मुळाक्षरं आणि काना-मात्रा शिकलं की बहुतेक पाटी वाचू लागतं. इथे प्रत्येक नियमाला अपवाद, आणि अपवादालाही अपवाद. सात वर्षांच्या मुलाकडून आपण केवढं मागतो आहोत हे त्याच्या शेजारी गालिच्यावर बसल्याशिवाय समजत नाही.

एक मुलगा होता, घरी दारी बोलणारा, या देशात येऊन फार दिवस झाले नव्हते. तो गटात येऊन बसायचा, पान उलटायचा आणि तोंड उघडायचा नाही. टीचर म्हणाली, त्याला आग्रह नको, तू वाच, तो ऐकेल. मग मी एक पान वाचायचं आणि दुसऱ्या पानावर बोट ठेवून गप्प बसायचं, असं सुरू केलं. कित्येक आठवडे मीच दोन्ही पानं वाचली. थंडी सुरू झाली त्या सुमाराला बेडकांच्या पुस्तकात तो एका पानावर पुढे सरकला आणि त्याने सगळं पान वाचलं. ‘टॅडपोल’ शब्दावर मी नेहमीपेक्षा जास्त मोजलं. पुस्तक संपल्यावर त्याने लगेच दुसरं मागितलं. गेल्या आठवड्यात तो माझ्या गटातून वरच्या गटात गेला.

माझी मुलगी माझ्या गटात नसते. टीचर मुद्दाम ठेवत नाही, आणि ते अगदी योग्य आहे. पहिल्या वर्षी मी वर्गात शिरले की ती येऊन कमरेला मिठी मारायची, आणि मी निघाले की रडायची. टीचरने तिला समजावलं की शुक्रवारी सकाळी आई सगळ्यांची असते. तिला ते कळलं. पालकांना कळायला जास्त वेळ लागतो. वर्गात पाऊल टाकलं की डोळे आपोआप आपल्याच मुलाकडे जातात. तो कुणाजवळ बसलाय, त्याचा गट कितवा, त्याच्यापेक्षा चांगलं कोण वाचतं. या नजरेने वर्गात बसणारा पालक टीचरच्या कामाचा नसतो, मुलांच्याही नाही. आणि आपल्या समाजात ही तुलना किती खोलवर मुरलेली आहे ते मी वेगळं सांगायला नको. चोवीस मुलांत आपलं एक आहे हे त्या तासापुरतं बाजूला ठेवता आलं पाहिजे. ते जमायला लागलं की वर्ग दिसू लागतो: कोण खाऊच्या सुट्टीत एकटा उभा असतो, कोणाचं जॅकेट थंडीला पुरेसं नाही, कोण दुसऱ्याच्या बुटाची लेस बांधून देतो.

आणि जे दिसतं ते वर्गाबाहेर न्यायचं नाही. अमेरिकेत 1974 पासून विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदी गोपनीय ठेवण्याचा केंद्रीय कायदा आहे, त्याला फर्पा म्हणतात. स्वयंसेवकाला कुठलंच मूल कितव्या पातळीचं पुस्तक वाचतं हे दुसऱ्याला सांगायचा अधिकार नाही. गोपनीयतेचं हे बंधन लिहून देताना सोपं वाटतं. मग गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत कुणीतरी हळूच विचारतं, “अगं, तू जातेस ना वर्गात, आमच्याचं वाचन कसं चाललंय?” माझं उत्तर ठरलेलं आहे: टीचरला ई-मेल कर, ती मनापासून उत्तर देते. “छान चाललंय” एवढंसुद्धा मी म्हणत नाही. कारण आज एकाला छान म्हटलं आणि उद्या दुसऱ्याच्या प्रश्नावर गप्प राहिले, तर त्या गप्प राहण्याचा अर्थ ती आई रात्रभर लावत बसेल. काही जणांना याचा राग येतो. येऊ दे. त्यांच्याही मुलाची गोष्ट मी कुणाला सांगत नाही, हे त्यांना कधीतरी उमगेल.

खाण्याचा विषय वेगळाच. अमेरिकेच्या कायद्यात अॅलर्जी आणणारे मुख्य पदार्थ आठ होते: दूध, अंडी, मासे, कवचाचे जलचर, झाडावरचे सुके मेवे, शेंगदाणे, गहू आणि सोयाबीन. 1 जानेवारी 2023 पासून पाकिटावर लिहायलाच हवा असा नववा आला, तीळ. ज्या घरात शेंगदाण्याच्या कुटाशिवाय भाजी होत नाही आणि संक्रांतीला तिळाशिवाय पान हलत नाही, त्या घरच्या बाईला हे नीट समजून घ्यावं लागतं. वर्गात एखाद्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी असेल तर आपण हाताने लाडू वळून तसेच वर्गात जाणंही बरं नाही. श्वास अडकू शकतो, जीव जाऊ शकतो. 2015 पासून कॅलिफोर्नियाच्या शाळांना एपिनेफ्रिनची तयार इंजेक्शनं ठेवावी लागतात, ती ऑफिसात कुठे आहेत हे मी दर ऑगस्टमध्ये विचारून घेते.

तेव्हा आमच्या वर्गात संक्रांत झाली ती तिळगुळाविना. कागदाचे पतंग केले. सूर्य उत्तरेकडे सरकतो म्हणजे काय, ते जमिनीवर पृथ्वीचा गोल आणि टॉर्च घेऊन दाखवलं. एका मुलाने विचारलं की मग ऑस्ट्रेलियात उलटं होतं का, आणि टीचरने तो धागा पकडून पुढचा अर्धा तास तिथेच घालवला. तिळगूळ आम्ही त्या रविवारी मराठी शाळेत वाटला, डब्यावर ‘तीळ, शेंगदाणे’ असं ठळक लिहून.

पालकांनी शाळेत हातभार लावायच्या या व्यवस्थेचा उगम शोधला तर मागे बरंच जावं लागतं. 17 फेब्रुवारी 1897 ला वॉशिंग्टनमध्ये अॅलिस बर्नी आणि फीबी हर्स्ट या दोघींनी ‘नॅशनल काँग्रेस ऑफ मदर्स’ भरवली. त्यातली फीबी हर्स्ट आमच्या भागातली, सॅन फ्रान्सिस्कोतल्या बालवाड्यांना तिने आधीपासून हातभार लावला होता. बहुतेक बायकांना मतदानाचा हक्कही नव्हता त्या काळात या सभेला दोन हजारांवर लोक आले. त्यातूनच आजची पीटीए, म्हणजे पालक-शिक्षक संघटना उभी राहिली. दक्षिणेत काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या, तिथल्या पालकांसाठी सेलीना स्लोन बटलर यांनी 1926 मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय संघटना काढली, आणि दोन्ही एक व्हायला 1970 उजाडावं लागलं. ही गोष्ट मी नव्या रूम पेरेंटना आवर्जून सांगते. कारण वर्गात कोण येऊ शकतं आणि कोण बाहेर राहतं, हा प्रश्न आजही तसाच आहे.

सकाळी नऊला शाळेत कोण येऊ शकतं? जिचा नवरा कमावतो ती, किंवा घरून काम करणारा. दुकानात पाळीवर उभी राहणारी आई येऊ शकत नाही. कॅलिफोर्नियात एक कायदा आहे, त्याची माहिती फार थोड्यांना असते. एका ठिकाणी पंचवीस किंवा अधिक माणसं कामाला असतील, तर मालकाने पालकाला मुलाच्या शाळेतल्या कामासाठी वर्षाला चाळीस तासांपर्यंत, महिन्यात जास्तीत जास्त आठ तास, सुट्टी द्यावी लागते. आधी कळवायचं, आणि रजा शिल्लक असेल तर ती वापरायची. पगार मिळेलच असं नाही, पण त्यासाठी कामावरून काढता येत नाही. मी हे चार ओळींत लिहून वर्गाच्या पहिल्या ई-मेलमध्येच घालते. त्यामुळे गेल्या वर्षी आर्डनवूडच्या सहलीला तीन बाबा आले. आर्डनवूड हे फ्रीमाँटमधलं जुनं शेत, एकोणिसाव्या शतकातली शेती कशी होती ते तिथे जपून ठेवलंय, आणि हिवाळ्यात तिथल्या निलगिरीच्या झाडांवर मोनार्क फुलपाखरं मुक्कामाला येतात. ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी घरी न्यायच्या कामाचं पाकीट असतं: अक्षरांची कार्डं कापणं, पुस्तिका स्टेपल करणं. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या एका आजींनी वर्गाची सगळी कार्डं इतकी सुबक कापून दिली की टीचरने त्यांना आभाराचं पत्र पाठवलं. ते त्यांनी फ्रेम करून सांगलीला नेलं.

पैशांच्या बाबतीत मी कडक आहे. 2013 पासून अमलात असलेल्या राज्याच्या कायद्याने सरकारी शाळेला शैक्षणिक उपक्रमासाठी मुलांकडून फी घेता येत नाही. वर्गणी मागता येते, पण ती ऐच्छिक, आणि दिली नाही म्हणून एकही मूल सहलीवाचून राहता कामा नये. टीचरच्या भेटीसाठी पैसे जमवताना कुणी किती दिले याची यादी मी ठेवत नाही. कार्डावर चोवीसही मुलांची नावं असतात.

वर्गातला आणखी एक लक्षात राहणारा दिवस म्हणजे ऑक्टोबरमधला तिसरा गुरुवार. त्या दिवशी भूकंपाचा मोठा सराव असतो. हेवर्ड फॉल्ट ही जमिनीतली भेग आमच्या गावाखालूनच जाते, 1868 मध्ये तिने मोठा हादरा दिला होता. घोषणा झाली की सगळे टेबलाखाली, एका हाताने मान झाकायची, दुसऱ्याने टेबलाचा पाय धरायचा. वर्गात असलेल्या पालकानेही तेच करायचं. दोन मुलांच्या मध्ये टेबलाखाली दडून बसले असताना त्यातली एक माझा हात धरून मला धीर देत होती.

इथलं हे सगळं सांगताना, महाराष्ट्रात पालकांना शाळेत जागाच नाही असं मात्र म्हणता येणार नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असं ठरवून दिलंय. पण समितीत बसणं वेगळं आणि गालिच्यावर मुलाशेजारी बसणं वेगळं. सातारा जिल्ह्यात माझी वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या माता-पालक गटात आहे. शाळेत पाऊल टाकणाऱ्या मुलांची तयारी आयांकडून करून घेणारं ‘पहिले पाऊल’ अभियान 2022 मध्ये आलं, तेव्हापासून अशा गटांना जोर आला. सुरुवातीला तिचा मला फोन आला होता: “मी दहावी झालेली, मी काय पोरांकडून वाचून घेणार?” लातूरची मैत्रीण म्हणाली होती ते हेच, फक्त इंग्रजीच्या जागी दहावी. मी तिला पाचपर्यंत मोजायला शिकवलं. ती आणि दोघी-तिघी संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर मुलांना घेऊन बसू लागल्या. गुरुजींनी वाचनालयातली गोष्टींची पुस्तकं दिली. मग त्यांनीच विचारलं, शनिवारी सकाळच्या शाळेत वर्गातच याल का? आता त्या जातात. गेल्या फोनवर तिने विचारलं, “वन्सं, सहा पोरं एकदम घेऊ का तीन-तीन?” मी म्हटलं, तीन घे वहिनी. तिघांत प्रत्येकाची पाळी लवकर येते, आणि वाट बघणाऱ्यांचं बोट पुस्तकावरून हलत नाही.